मला देव करू नका

मित्रांनो, गोष्ट ऐकायची असेल तर खुशाल बसा. पण आधी काढलेल्या चपला पुन्हा पायात घाला. माझ्यासमोर चपला काढायचं काही कारण नाही. इथे बाभळीचे काटे आहेत, आणि मी देव नाही. मी एक जुना हद्दीचा दगड आहे. जळगावातून बाहेर पडलं, केळीच्या बागा मागे पडल्या आणि माळ चढू लागला, की अंजनखोरीचं राखीव वन लागतं. त्या वनाच्या तोंडाशी रस्ता दोन वाटांत फुटतो, तिथे मी उभा आहे. आणि मी रागात आहे. दगडाला कसला आलाय राग, असं ज्यांना वाटतं त्यांनी वैशाखातल्या दुपारी माझ्यावर हात ठेवून पाहावा.

उजवीकडच्या वाटेने गेलं की दगडाची एक जुनी खाण लागते. ते माझं जन्मस्थान. तिथल्या काळ्या खडकातून पाथरवटाने मला वेगळं केलं, चार बाजू ताशल्या आणि पोटावर ‘वन’ अशी दोन अक्षरं कोरून खाली एक आकडा घातला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ज्याने ही म्हण केली त्याने एकाही दगडाला विचारलेलं दिसत नाही. घाव मी सोसले, पण देवपणासाठी नव्हे. अलीकडचं गावाचं, पलीकडचं रानाचं, एवढंच सांगायला मी ते सोसले.

मला इथे गाडलं तोताराम नावाच्या वनमजुराने. जवळच्याच अंजनवाडीचा तो. उंच, हडकुळा आणि हट्टी. हद्दीचा दगड रोवायची एक रीत आहे, ती त्याने काटेकोर पाळली. दगड उभा करण्याआधी खड्ड्याच्या तळाशी कोळसा टाकतात. लाकूड कुजतं, चुना विरतो, पण कोळसा मातीत पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. उद्या कोणी दगड उपटून दुसरीकडे नेलाच, तर खालचा कोळसा साक्ष देतो की दगड मूळचा इथला. तोतारामची बायको भागाबाई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली होती. आपल्या चुलीतला कोळसा तिने टोपलीत घालून आणला आणि स्वतःच्या हाताने खड्ड्यात ओतला. मग मी उभा राहिलो. जेवढा वर, तेवढाच जमिनीत.

तोताराम होता तोवर माझा थाट होता. होळीच्या आधी जाळरेषा काढायला मजूर यायचे, वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायचे. त्या दिवसांत तोताराम मला घासूनपुसून चुना द्यायचा. कोळसा तेलात खलून माझी अक्षरं काळी करायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण काडीने एकेक अक्षर असं भरायचा, की वेलांटी मात्रा असती तर तीही चुकली नसती. साहेब लोक म्हणायचे, ‘‘हा दगड दुरून दिसतो हं!’’ तेवढं कौतुक मला वर्षभर पुरायचं. गाई अंग घासायच्या, मोर माथ्यावर बसून ओरडायचा, आणि एकदा एक बिबट्या येऊन शेपूट वर करून माझ्यावर फवारा सोडून गेला. त्याचा मला राग आला नाही. त्याला हद्द म्हणजे काय ते कळत होतं.

पुढे तोताराम वारला. त्याच्याबरोबर चुनाही गेला. पावसाने मला काळं केलं, शेवाळाने हिरवं केलं आणि माणसांनी घाण केलं. माझ्या आडोशाला बाटल्या फुटल्या. कोणी बदामात आपली नावं कोरली. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येत, आणि नवरी माझ्यावर बसून आभाळाकडे बघे; आपल्या घेराखाली अक्षरं झाकली गेलीत हे तिला दिसत नसे. खाली माळावर दीपक नावाच्या एका माणसाने प्लॉट पाडले आणि हिरवी पाटी लावली, ‘निसर्गाच्या कुशीत’. निसर्गाची कूस नेमकी कुठून सुरू होते, हे सांगायला मी उभा होतो. मला विचारतो कोण!

अशा वेळी प्रज्ञा आली. ती जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवते. थंडीचे दिवस होते, तिने सायकल मला टेकवली, माझ्या माथ्यावर नकाशा पसरला आणि मोबाइलने तो दाबून ठेवला. फार वर्षांनी कोणी मला काही कामाला लावलं होतं. तिच्याबरोबर तिचा मित्र रोनक होता. त्याच्या वडिलांचं गावात रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे.

त्यांचं बोलणं ऐकून मला सगळा बेत कळला. प्रज्ञाने आपल्या कॉलनीतल्या बायकांना वर्षभरात सायकल शिकवली होती. कोणी चाळिशीतल्या, कोणी पन्नाशी ओलांडलेल्या. तिची आई मंजुळाबाई त्यांच्यात सर्वांत मोठी आणि सर्वांत हळू. आतापर्यंत त्या फक्त मैदानाला फेऱ्या मारत होत्या. आता त्यांना रानातून एक राइड करायची होती.

‘‘सोपी करू या ना,’’ रोनक म्हणाला. ‘‘तलावापर्यंत जायचं, फोटो काढायचे, परत.’’

‘‘सोपी नको. सोपंच देत आलेत त्यांना सगळे,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘आणि अवघडही नको. मध्यम. चढ असावा, पण आईला उतरून सायकल ढकलत नेता येईल एवढाच. उतरून चाललं म्हणून कोणी हसायचं नाही.’’

मग तिने बोटाने वाट काढली. तलावाच्या बांधावरून यायचं, अंजनाच्या झाडांच्या सावलीतून चढायचं, माझ्यापाशी डावीकडे वळायचं, पाणवठा दुरूनच बघत रोपवाटिकेशी थांबायचं आणि खालच्या रस्त्याने घरी. पाणी कुठे भरायचं, ऊन कुठे लागेल, पंक्चर झालं तर छोटा हत्ती टेम्पो कुठपर्यंत येऊ शकेल, सगळं तिने ठरवलं. मात्र माझ्यापाशी येऊन तिचं बोट अडलं. डावीकडे सावली, उजवीकडे गेलं तर उतार, आणि उताराच्या तळाशी उघडी खाण. नवशिकी बाई त्या उतारावर गेली तर ब्रेक दाबेपर्यंत कडा येतो.

‘‘इथे कोणी चुकता कामा नये,’’ ती म्हणाली.

वनरक्षक पितांबर तेवढ्यात मोटारसायकलवरून आला. माणूस कामाचा, पण बोलणं कोरड्या फांदीसारखं.

‘‘म्याडम, परवानगी मी साहेबांकडून आणली. पण ऐकून घ्या. आग नको, झाडाला खिळा नको, रंग नको, भोंगा नको. ही राइड नीट झाली तर दर रविवारी पायी आणि सायकलवाल्यांना वाट मोकळी करायचं साहेबांच्या मनात आहे. घाण झाली तर फाटकाला कुलूप. तुम्हाला पण, सगळ्यांना पण.’’

‘‘भरिताचं काय?’’ रोनकने विचारलं. ‘‘बायका म्हणतायत, थंडीत रानात जायचं आणि भरीत नाही म्हणजे काय! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजू, कळण्याची भाकरी...’’

‘‘तुम्ही तर वांगं खात नाही ना?’’ पितांबर म्हणाला.

‘‘मी नाही खात. त्यांच्या वतीने विचारतोय.’’

‘‘रानात काडी पेटली तर वांग्याच्या आधी मी भाजला जाईन. भरीत घरून आणा.’’

ते पटलं सगळ्यांना. वळणाची खूण कशी करायची, हेही प्रज्ञाने ठरवलं. खेळाच्या मैदानावर आखतात ती पांढरी फक्की आणायची, सकाळी जमिनीवर बाण काढायचे, राइड झाल्यावर झाडूने पुसून टाकायचे. मी मनात म्हटलं, शहाणी आहे. इथे एवढी अक्कल घेऊन फार माणसं येत नाहीत.

पण मित्रांनो, शहाण्यांच्या संगतीत एक तरी अतिशहाणा असतोच. प्रज्ञा पाणवठ्याकडची वाट तपासायला पुढे गेली आणि रोनक माझ्यापाशी राहिला. त्याच्या पिशवीत दुकानातला उरलेला अर्धा डबा ऑइलपेंट होता. ‘‘फक्की काय, शेळ्या पुसून टाकतील,’’ असं तो स्वतःशीच बोलला. ‘‘झाडाला थोडाच लावतोय? दगड तर आहे.’’ आणि त्याने ब्रश बुडवून माझ्या पोटावर, बरोब्बर माझ्या अक्षरांवर, हातभर रुंद बाण ओढला.

रंग कोणता होता, माहीत आहे? केशरी. जगात एवढे रंग आहेत. पोपटी होता, निळा होता. त्या पोराला दगडावर केशरी रंग लावायचा सुचला, आणि तोही खानदेशात, रस्त्याच्या फाट्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

प्रज्ञा परत आली आणि भडकली. ‘‘रंग नको म्हणाला होता ना तो?’’

‘‘झाडाला नको म्हणाला.’’

‘‘रंग नको म्हणाला, रोनक!’’

पण उन्हं चढली होती, पुसायला जवळ काही नव्हतं. ‘‘पुढच्या वेळी थिनर आण,’’ एवढं बोलून ती निघून गेली. चूक त्याची होती हे खरं. पण ती तशीच सोडून गेली प्रज्ञा, हेही मला सांगितलं पाहिजे. बाण ओला होता, आणि त्याचे ओघळ खाली येत होते. संध्याकाळपर्यंत तो बाण उरला नाही. कपाळाला मळवट भरावा तसा तो झाला.

दुसऱ्या दिवशी भागाबाई शेळ्या घेऊन आली. आता म्हातारी झाली आहे. मला पाहून ती थबकली. पदर डोक्यावर ओढला, जवळ आली, माझ्या माथ्यावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने वाकून डोकं टेकवलं. मी ओरडत होतो, अगं भागाबाई, मी आहे, तोतारामचा दगड! पण दगडाचं ओरडणं ऐकतो कोण.

झालं. भागाबाईने डोकं टेकवलं म्हणून दोघींनी टेकवलं. दोघींनी टेकवलं म्हणून गावाने नारळ आणला. कोणी खरा शेंदूर तेलात कालवून वरून थापला. अगरबत्त्या आल्या, हळदीकुंकवाच्या पुड्या आल्या, त्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. पिशव्या शेळ्यांनी खाल्ल्या आणि एक शेळी पोट फुगून मेली. तेव्हा लोक म्हणाले, देवाचा कोप झाला. कोप तर झालाच होता. पण मी काय करतो? देव म्हणून कोणी माझं ऐकत नव्हतं, आणि दगड म्हणून माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. नाव काय द्यावं यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे फाटाबाबा, दुसरा म्हणे अंजनदेव. चाळीस-एक वर्षं माझ्या पोटावर नाव कोरलेलं होतं, ते तेवढं कोणी वाचलं नाही.

आणि मग दीपक आला. आयत्या बिळात नागोबा! बोटांत तीन अंगठ्या, तोंडात गोड बोल. त्याने मला सव्वाशे रुपयांचा हार घातला आणि पाठीमागे उभ्या असलेल्या गावकऱ्यांना म्हणाला, ‘‘देव असा धुळीत बरा दिसत नाही. तिकडे आत, त्या मोठ्या अंजनाखाली ओटा बांधू. वर पत्रा टाकू. खर्च माझा. मंगळवारी ट्रॅक्टर लावून देवाला मानाने आत नेऊ.’’

गावकरी हरखले. पण दीपकची नजर अंजनाकडे नव्हती. ती माझ्यापासून अंजनापर्यंतच्या जमिनीवर होती. मित्रांनो, तुम्हाला हिशेब कळला ना? हद्दीचा दगड आत सरकला की हद्द आत सरकते. मधला सगळा पट्टा बाहेर पडतो, आणि त्याच्या प्लॉटांना मिळतो. शिवाय देवाला रस्ता लागतोच. तो रुंद करायला कोण नाही म्हणणार? वनाची जमीन चोरायला आजवर कोणी रात्री येत होते, कोणी कागद फिरवत होते. याने देवालाच कामाला लावलं. आणि तो देव मी! साक्षीदाराला चोराच्या गाडीत बसवून चोरी करायची, याहून मोठा अपमान तो कोणता? सांगतो, त्या रात्री दहिवर पडलं, तरी मी थंड झालो नाही.

प्रज्ञा पुन्हा आली ती राइडच्या आधीची शेवटची पाहणी करायला. बरोबर रोनक थिनरची बाटली घेऊन आला होता. माझं रूप बघून त्याच्या हातातली बाटली तशीच राहिली. पितांबर तिथेच कमरेवर हात ठेवून उभा होता.

‘‘बघा म्याडम, तुमचा बाण! तीन दिवसांपासून मी इथे पिशव्या वेचतोय. मंगळवारी ट्रॅक्टर येतोय. मी एकटा काय अडवणार? अडवलं तर देवाच्या आड आला म्हणतील. राइड विसरा. फाटकाला कुलूप लागणार.’’

‘‘प्रज्ञा, सोड ना,’’ रोनक हळूच म्हणाला. ‘‘राइड हायवेने नेऊ. हे आपल्या हातचं नाही राहिलं.’’

‘‘रंग तुझ्या हातचा होता ना?’’ ती त्याच्यावर अशी कडाडली, की पलीकडच्या झाडावरचे पोपट उडाले. ‘‘हायवेने नेऊ? ट्रकांमधून? त्या बायकांना मी वर्षभर सांगतेय, रस्ता तुमचाही आहे. आणि आता आपण केलेली घाण दुसऱ्यांवर टाकून पळून जाऊ?’’

‘‘मग पुसून टाकू या आत्ताच.’’

‘‘पुसू? लोकांच्या देवाला थिनर लावू? आणि तेही मी?’’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि त्याखाली थोडी भीतीही होती. आपल्या घराण्याने बौद्ध धम्म घेतला तेव्हाच दगडांपुढे वाकणं सोडलं, आणि हे कारण सांगून लोक आपल्यावर कसे उलटतील, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग ती पितांबरला म्हणाली, ‘‘पहिल्यांदा पाया कोण पडलं?’’

शेळ्या हाकत भागाबाई येतच होती. पितांबरने बोट दाखवलं. प्रज्ञा सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

‘‘आजी, तुमच्याशी बोलायचंय. हा शेंदूर देवाने नाही दिला. सायकलवाल्यांना वळण कळावं म्हणून आम्ही बाण काढला होता. दुकानातला रंग. चूक आमची आहे.’’

भागाबाईने हातातली काठी जमिनीवर आपटली.

‘‘दुकानना रंग?’’ ती म्हणाली. ‘‘वं माय, तुमना बाणनाकरता मी मंगळवार धरा? उपाशीपोटी शेळ्या चारात फिरनू? तुमले आठे खेळ लायाले दुसरा दगड नही भेटना?’’

‘‘चुकलं आमचं, आजी.’’

‘‘चुकनं म्हनशी आनि जाशी निंघी! मना काय करू?’’ म्हातारीने काठी माझ्याकडे रोखली. ‘‘मना धनीनी गाडेल दगड शे हाऊ. तो व्हता तवय दर वरीसले चुना लाये. तो गया, मंग कोन्ही देखं नही याकडे. साहेब नही, गाव नही. मनाघाई बी नही व्हयनं. त्या दिन रंग देखा आनि माले वाटनं, कोन्ही तरी याद करी. मानूस नही करत, ते देवनी करी. म्हनीसन डोकं ठेवं मी.’’

रोनक खाली बघत होता. मित्रांनो, इतकी वर्षं मी या म्हातारीवर रागावलेलो होतो, की तूसुद्धा मला विसरलीस. आणि गेल्या काही दिवसांपासून त्याहून जास्त रागावलो होतो, की तूच मला देव केलंस. त्या क्षणी माझा तिच्यावरचा राग गेला. बाकी सगळ्यांवरचा मात्र दुप्पट झाला.

‘‘आजी,’’ प्रज्ञा म्हणाली, ‘‘मंगळवारी तो दीपक हा दगड इथून उपटून आत नेणार आहे. हद्द सरकेल.’’

भागाबाईने शेळ्यांना हाक मारली आणि पाठ फिरवून निघून गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

मंगळवारी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पाट, पाटावर लाल कापड, आणि कापडावर मला बसवायचं. ताशा होता, दीपकच्या डोक्यावर फेटा होता. प्रज्ञा शाळेतून रजा घेऊन आली होती. ती आणि पितांबर माझ्यापुढे उभे राहिले. पितांबरने हद्दीचा कायदा सांगितला. दीपक हात जोडून म्हणाला, ‘‘भाऊ, कायदा माणसांना. देवाला कसली हद्द?’’ लोक हसले. प्रज्ञा बाणाचं खरं सांगू लागली, तर मागून कोणी ओरडलं, ‘‘तुम्ही मानत नाही तर मध्ये बोलू नका!’’ पण ती जागची हलली नाही. त्या दिवशी तिथे दोनच दगड उभे होते असं मी म्हणेन. दुसरी ती.

चार गडी पहारी घेऊन माझ्या बाजूने खणू लागले. माती निघाली, मुरूम निघाला. मी अर्धा जमिनीत आहे, मी काय सहज सुटतो! पण तळापर्यंत उघडा झालो, मी हललो, आणि एका पहारीला खालून काळं काहीतरी लागलं. गड्याने हातात घेतलं.

‘‘कोयसा शे!’’

‘‘धुनी!’’ गर्दीतून कोणी किंचाळलं. ‘‘देवनी धुनी शे खाले!’’

आणि मित्रांनो, लोक त्या कोळशालाही हात जोडू लागले. दीपक तर गहिवरून म्हणाला, ‘‘ही राखही आत नेऊ!’’ मला वाटलं, आता मी मधोमध फुटेन.

‘‘ठेव तो कोयसा खाले!’’

भागाबाई होती. गर्दी बाजूला सारत आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कुंचला. तिने गड्याच्या हातातून कोळसा हिसकावून घेतला आणि सगळ्यांपुढे धरला.

‘‘धुनी नही, काही नही. हाऊ मना चुल्हाना कोयसा शे. मी पोरगी व्हतू, नवी नवरी. टोपलीमा लई उनू आनि मना हातघाई टाका. मना धनी म्हने, दगड कोन्ही हालाडं ते हाऊ कोयसा बोली. ल्या, बोलना तो आज! मना चुल्हाना कोयसा माले वयखाले कोन्ही शिकाडू नका.’’

ताशा थांबला. दीपक म्हणाला, ‘‘अक्का, तुम्हीच तर पहिल्यांदा पाया पडल्या...’’

‘‘पडनू. मी म्हातारी, मनी नजर चुकनी. तुनी नजर नही चुकेल, तुनी नजर बराबर जमीनवर शे.’’ मग ती गावाकडे वळली. ‘‘हाऊ देव नही शे. हाऊ हद्दना दगड शे. मना धनीना हातना शे. याले जो हालाडी, त्यानी पहिले माले हालाडनं.’’

आणि ती खड्ड्याच्या काठावर, माझ्या शेजारी, फतकल मारून बसली.

गावातली जुनी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तोताराम त्यांच्यापैकी कितीकांनी पाहिलेला होता. एका म्हाताऱ्याने पुढे होऊन पहार उचलली आणि माती परत खड्ड्यात लोटली. मग दुसऱ्याने. दीपक ‘‘मी तर देवाचं भलंच करत होतो’’ असं पुटपुटत फेटा काढून ट्रॅक्टरवर बसला. त्या दिवशी तो गेला; पाटी अजून तिथेच आहे, आणि त्याची नजरही. राग संपला असं मी कसं म्हणू?

रोनकने मान खाली घालून थिनर आणि तारेच्या ब्रशने मला घासलं. हात सोलवटले त्याचे. सोलवटू देत. नारळाच्या शेंड्या, पिशव्या त्याने पोत्यात भरून नेल्या. मग भागाबाईने मला चुना दिला, पहिला हात, वाळल्यावर दुसरा. बाकीचा कोळसा खाली साक्षीला होताच; हातातला तो तुकडा तिने तेलात खलला आणि काडीने माझी अक्षरं भरली. तिलाही वाचता येत नाही. नवरा जसा भरायचा तसं तिने बघितलं होतं, तसंच भरलं.

पितांबरने फाटकाला कुलूप घातलं नाही, आणि रविवारी राइड झाली. बाण नव्हते, फक्कीसुद्धा नव्हती. प्रज्ञाने नवी युक्ती काढली. पहिल्या वळणावर पुढची बाई थांबते, शेवटची जाईपर्यंत तिथेच उभी राहते आणि हाताने वाट दाखवते. पुढच्या वळणावर दुसरी. माणूस हाच बाण. फक्त माझ्या फाट्यावर कोणाला थांबावं लागलं नाही. तिथे भागाबाई पहाटेपासून घोंगडी टाकून बसली होती. ‘‘डावाकडे वं माय, डावाकडे. जेवनाकडे खड्डा शे,’’ असं प्रत्येकीला सांगत होती. आधी बायकांना कळलं नाही जेवणाकडे खड्डा कसला. मग तिने उजवा हात हलवून दाखवला तेव्हा हसत हसत डावीकडे वळल्या.

एक बाई मात्र थांबली. चांगली शिकलेली, हेल्मेट घातलेली. पांढराशुभ्र दगड बघून तिने सवयीने हात जोडले.

माझं पित्त खवळलं. पण माझ्याआधी भागाबाईच गरजली. ‘‘पाया नको पडू!’’

‘‘अहो आजी, सहज...’’

‘‘सहज करं म्हनीसनच बठ्ठा गोंधय व्हयना. तुले वाचता येस ना?’’

‘‘हो.’’

‘‘माले येत नही. मंग तू वाच. मोठाघाई वाच, काय लिखेल शे त्यावर?’’

ती बाई वाकली. माझ्या अक्षरांवरून बोट फिरवत तिने मोठ्याने वाचलं, ‘‘वन.’’

भागाबाईने डोळे मिटून मान हलवली. इतक्या वर्षांत नवऱ्याने आणि तिने भरलेली ती अक्षरं तिने आज पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकली.

सर्वांत शेवटी मंजुळाबाई आल्या. चढ त्यांनी सायकल ढकलत पार केला होता. धापा टाकत होत्या, पण हसत होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत, काही विचारलं नाही. सायकल सरळ मला टेकवली, माझ्या पाठीला पाठ लावून बसल्या आणि बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग भागाबाईला बाटली दिली. बरं वाटलं मला.

तेव्हा मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. गोड बोलून मला कोणी वाचवलं नाही. रानात या, जरूर या. सायकलने या, पायी या, दमलात तर मला टेका. पण मला रंगवू नका, मला पूजू नका आणि मला विसरू नका. माझ्या पोटावर दोन अक्षरं आहेत. तुम्हाला वाचता येतं ना? मग वाचा, आणि डावीकडे वळा.